आधी म्हणाले आयरिश नको, आता म्हणतात आयरिशशिवाय नको

काल पुन्हा ती अटींची यादी उघडली आणि पुन्हा लॅपटॉप आपटून बंद केला. मला आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचंय. कुणाचं राज्य मागत नाहीये हो! त्यासाठी पदवीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स असतो, प्रोफेशनल मास्टर ऑफ एज्युकेशन, सगळे नुसतं पीएमई म्हणतात. पदवी आहे. लीव्हिंग सर्टला, म्हणजे इथल्या बारावीला, इंग्रजी आणि गणित दोन्हीत लागतात त्यापेक्षा बरेच जास्त मार्क आहेत. आणि त्या यादीत मागितलेल्या आयरिशच्या, म्हणजे इथल्या भाषेच्या, रकान्यात? आडवी रेघ.

ती रेघ मी मारलेली नाही, हे आधी सांगते.

2012 मध्ये आम्ही नाशिकहून डब्लिनजवळ ल्यूकनला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. अकरा वर्षांची होईपर्यंत बाहेरच्या देशात शिकलेल्या मुलांना तेव्हा आयरिशमधून सूट मिळायची. (2019 मध्ये ती अट बारा वर्षांची केली, म्हणजे हा घोळ अजून चालूच आहे.) शाळेने कागद पुढे केला, बाबा म्हणाले, "बरं झालं, एक विषय कमी", आणि सही ठोकली. मला कुणी विचारलंच नाही. मग इतकी वर्षं आयरिशच्या तासाला मी, एक पोलिश मुलगी आणि एक नायजेरियन मुलगा मागच्या बाकावर बसून गणिताचा होमवर्क उरकायचो. बाकीची मुलं आमचा हेवा करायची. एका बाईंनी, एका सरांनी, एका करिअर कौन्सेलरनेही सांगितलं नाही, की पोरी, या सहीने तू आत्ताच प्राथमिक शिक्षिका होण्यावर काट मारून घेते आहेस. तेव्हा ती सवलत होती. आता तीच माझी अपात्रता.

आता अट ऐका. लीव्हिंग सर्टला हायर लेव्हलच्या आयरिशमध्ये एच फोर हवा, म्हणजे किमान 60 टक्के. ऑर्डिनरी लेव्हलला, म्हणजे सोप्या पेपरला, तुम्ही पहिले आलात तरी त्याची किंमत शून्य. शिवाय टेग नावाची आयरिश भाषेची वेगळी परीक्षा, तिच्या बी वन पातळीच्या तोंडीत किमान 65 टक्के. पदवीलाच आयरिश घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. माझी पदवी मानसशास्त्राची. म्हणजे माझ्यासारखीने करायचं काय, तर सव्विसाव्या वर्षी बाहेरून लीव्हिंग सर्टला बसायचं, युनिफॉर्ममधल्या पोरांच्या रांगेत, फक्त एका विषयासाठी.

आणि तो पेपर काय आहे? त्यात 40 टक्के मार्क तोंडीला. तिथे चित्रांची एक मालिका पुढ्यात ठेवतात आणि तिची गोष्ट सांगायची. मुलं ती गोष्ट महिनोन्‌महिने घोकतात. मीही घोकतेय. तासाला पन्नास युरो मोजून ग्राइंड्स लावलेत, म्हणजे आपली खासगी शिकवणी. चित्रातल्या पोरांनी आईबाबा बाहेर गेल्यावर घरात पार्टी केली आणि मग आईबाबा कसे चिडले, हे मी आता झोपेतही सांगेन. यातलं काय मी पहिलीतल्या मुलांना शिकवणार आहे, कृपया कुणीतरी समजावून सांगा.

भाषेवर माझा राग नाही हं. भाषा गोड आहे. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच येतं, आपल्यासारखं शेवटपर्यंत ताटकळावं लागत नाही. स्पेलिंग मात्र डोकं फिरवतं : बी, एच, एफ, यू, आय, एल, आणि वाचायचं काय, तर 'विल'. 'हो' आणि 'नाही' ला या भाषेत शब्दच नाहीत, प्रश्नातलंच क्रियापद उचलून उत्तर द्यायचं. प्रवेशवाल्यांना मात्र 'नाही' म्हणायला कधी अडचण आलेली नाही.

खरा संताप कुठे होतो सांगू? मी आजही शाळेतच काम करते. एसएनए (स्पेशल नीड्स असिस्टंट) आहे, म्हणजे ज्या मुलांना जास्त मदत लागते त्यांच्या शेजारी बसणारी. जॅकेटच्या चेन लावते, रडणं थांबवते, जेवणाचे डबे उघडून देते. चार-पाच वर्षांची पोरं. ती वर्गात रंग शिकतात : ज्यारग लाल, बुई पिवळा, गोरम निळा. माझ्या शेजारचा पठ्ठ्या विसरला की मीच त्याच्या कानात सांगते. मागच्या हिवाळ्यात बाई आजारी पडल्या, बदली शिक्षक कुठेच मिळेना, तेव्हा त्याच वर्गापुढे मला उभं केलं. तेव्हा कुणाला एच फोर आठवला नाही! वर्ग सांभाळायला मी चालते, वर्ग शिकवायला शिकण्यासाठी चालत नाही.

आणि हे तर ऐकाच. माझ्याबरोबर कॉलेजात असलेली एक मुलगी, जन्मापासून इथली, तिलाही एच फोर नव्हता. ती सरळ इंग्लंडला गेली, एका वर्षात पीजीसीई, म्हणजे तिथला शिक्षकांचा कोर्स, करून परत आली. आता तिला शिक्षिका म्हणून सशर्त नोंदणी मिळालीय, आयरिशची अट पुरी करायला तीन वर्षं मुदत. पगार घेत शिकवते आणि संध्याकाळी आयरिश शिकते. म्हणजे समुद्र ओलांडून शिकलात तर आयरिश नंतर चालतं, डब्लिनमध्ये शिकायचं तर आधीच हवं! आयर्लंडची भाषा जपायची ही कुठली तऱ्हा? मलाही द्या ना तीन वर्षं. पीएमई करत करत शिकते, त्या कोर्सात गेल्टॅक्टला, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, चार आठवडे राहावं लागतंच. मी आनंदाने आठ राहीन. पण नाही. उगाच इंग्लंडच्या फीला पैसे कुठून आणू? घरभाडं भरून हातात काय उरतं ते मलाच माहीत.

आईला सांगितलं तर तिचा सूर वेगळाच. "अगं, त्यांची भाषा आहे, त्यांनी मागायला नको? आपल्याकडे 2020 मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली तेव्हा तूच टाळ्या वाजवल्यास ना?" वाजवल्या. आजही वाजवेन. पण नाशिकच्या शाळेत बाहेरून आलेल्या पोराला "तुला मराठी नको, मागे बस" असं सांगून तेरा वर्षांनी त्याच्याकडे ज्ञानेश्वरीचा अर्थ मागितला असता, तर मी तिथेही बोंबललेच असते. आई म्हणाली, "मग बस परीक्षेला." बसतेय ना! बसतेय म्हणूनच तर बोलतेय.

बाबांनी आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मातृभाषा टिकवण्यावरचा लांबलचक फॉरवर्ड टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. सही ठोकणारा माणूस! मी वाचला, ब्लू टिक दिसू दिली आणि उत्तर दिलं नाही.