गच्चीची टेप लावून गाडी मर्सिडीज होत नाही, फॉरवर्ड करणाऱ्यांनो

सध्या एक व्हिडिओ फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक भाऊ गाडीच्या दरवाज्याचं आतलं पॅड काढतो, उघड्या पत्र्यावर बोटाने टकटक करतो, रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. मग गच्ची गळायला लागली की लावतात ती चंदेरी टेप तिथे चिकटवतो, परत टकटक, आणि आता एकदम 'ठप्प' असा भरीव आवाज. खाली मेसेज असा: डॅम्पिंग शीट (गाडीच्या पत्र्याला आतून चिकटवतात ती आवाज कमी करायची शीट) म्हणजे लूट आहे, हार्डवेअरच्या दुकानातली वॉटरप्रूफिंग टेप तेच काम करते, कंपनीवाले पण आत डांबरच लावतात, सगळा पत्रा शंभर टक्के झाकून टाका, बॉनेटला पण लावा, ७०% आवाज कमी, एसी डबल थंड, गाडी मर्सिडीज.

आता एकेक घेऊ, कारण यात थोडं खरं आहे आणि त्या थोड्या खऱ्याच्या जोरावरच बाकीचं खपतंय.

पहिलं म्हणजे ती टकटक. ती खोटी नाही, व्हिडिओत काही गडबड केलेली नाहीये. पातळ पत्रा मोकळा असला की स्वतः थरथरतो आणि वाजतो, त्यावर चिकट लवचिक थर बसला की ती थरथर त्या थरात जिरते, तिची थोडीशी उष्णता होते आणि विषय संपतो. याला डॅम्पिंग म्हणतात. पण बंद गाडीत ८०-१०० च्या स्पीडला तुमच्या कानात जो आवाज जातो तो कोणी दरवाज्यावर बोटाने टकटक करतंय म्हणून येत नाही ना राव! तो येतो टायरचा, साधारण हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जोरात, मग वाऱ्याचा, काच आणि आरशाच्या कडेने, मग इंजिनचा, फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून. यातला बराचसा भाग हवेतून, काचेतून, रबराच्या फटीतून येतो आणि तिथे टेपचा काही संबंधच नाही. टकटक टेस्टने एवढंच कळतं की पत्रा वाजायचा थांबला. दरवाजा लावताना भारी गाडीसारखा आवाज येईल, कोकणातल्या पावसात टपावर होणारा ताशा बराच कमी होईल, दरवाज्यातल्या स्पीकरचा बास सुधारेल, प्लास्टिकची खडखड कमी होईल. एवढं मिळतं, आणि यासाठी पैसे घालवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त याला 'केबिन शांत झाली' म्हणू नका.

दुसरं, "सगळा पत्रा शंभर टक्के झाका". घरात जाऊन स्टीलच्या ताटावर चमचा मारा, आणि वाजत असतानाच मध्यभागी एक बोट टेकवा. थांबलं? अख्खं ताट हाताने झाकावं लागलं का? पत्र्याचंही तसंच आहे, जिथे पत्रा सगळ्यात मोकळा आणि सपाट आहे तिथे मधोमध शीट बसली की काम होतं, म्हणून धंद्यातले जाणकार २५-३०% भागच झाकायला सांगतात, त्यापुढे प्रत्येक शीटमागे मिळणारा फायदा कमी कमी होत जातो. पण दुकानदाराला शीट विकायच्यात आणि व्हिडिओवाल्याला सगळं चकचकीत चंदेरी दिसायला हवंय, त्यामुळे २५% चा सल्ला कोण देणार.

इथे कोणीतरी म्हणेल की जास्त वजन म्हणजे जास्त आवाज अडणार, ते तर खरं आहे ना? आहे, पण हिशोब करून बघा. ०.७ मिमी जाड पोलादी पत्रा चौरस मीटरला साधारण साडेपाच किलो भरतो. २ मिमी ब्युटाइल शीट (ब्युटाइल म्हणजे चिकट रबर, चांगल्या डॅम्पिंग शीटमध्ये तेच असतं) त्यात अंदाजे ३ किलोची भर घालते. वजन दुप्पट झालं तर थिअरीप्रमाणे आवाजाची अडवणूक ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं एकक) वाढते, इथे वजन दीडपटच होतंय म्हणजे साडेतीन-चार डेसिबल, तेही कागदावर, तेही फक्त पत्र्यातून येणाऱ्या आवाजाला. आणि त्यासाठी ८-१० चौरस मीटर झाकले तर २५-३० किलो गाडीत कायमचे फिरणार. (यावर मायलेज कोसळतं म्हणून उलट फॉरवर्ड पण फिरतं, तेही फेकूच आहे, डिकीत एक गव्हाचं पोतं ठेवून फिरल्याने जेवढा फरक पडतो तेवढाच पडेल.) आवाज अडवायचा असेल तर त्याचं मटेरियल वेगळं असतं, जड व्हिनाइलची चादर, तिच्याखाली फोमचा थर देऊन पत्र्यापासून सुटी ठेवलेली, फ्लोअर आणि फायरवॉलवर सलग अंथरलेली. ती मात्र सलगच लागते. म्हणजे जिथे थोडं पुरतं तिथे मेसेज शंभर टक्के सांगतोय, आणि जे सलग लागतं त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही.

"७०% आवाज कमी" हा आकडा कुठून आला देव जाणे. टक्के कशाचे? डेसिबल हे साधं मोजमाप नाही, ३ डेसिबल उतरले की ध्वनीची ऊर्जा अर्धी होते पण कानाला जेमतेम फरक कळतो, आणि कानाला 'अर्धा झाला' वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने ७०% कमी केलं असं धरलं तरी ते ५ डेसिबलच झाले, आणि ऐकणाऱ्याला ते पाव ते एक तृतीयांश कमी वाटेल. शिवाय फटीचं गणित वाईट असतं, एखाद्या भिंतीत फक्त १% जागा उघडी राहिली तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. जुन्या गाडीत दरवाज्याचं रबर दबून कडक झालेलं असतं, फायरवॉलमधून वायरिंग जातं तिथलं ग्रोमेट (भोकातली रबरी रिंग) कोणीतरी हॉर्न बसवताना फाडून ठेवलेलं असतं, आणि मालक हजारो रुपयांच्या शीट चिकटवत बसतो. आधी ती भोकं बंद करा. रबराच्या कडेत कागदाची पट्टी धरून दरवाजा लावा, पट्टी आरामात सरकून बाहेर आली तर तिथून आवाजही आत येतोय.

आता मुख्य मुद्दा, "गच्चीची टेप आणि डॅम्पिंग शीट एकच, कंपनी पण डांबरच लावते". यावर जरा वेळ घालवतो, कारण अर्धं खरं इथेच आहे.

हो, गाड्यांच्या फ्लोअरवर कंपनीतूनच डांबरी पॅड यायचे आणि अजूनही काही गाड्यांत येतात, कार्पेट उचलून बघा, काळे कडक चौकोन दिसतील. पण ते टेप सोलून चिकटवलेले नसतात. ते पेंट शॉपमध्ये ठेवले जातात आणि बॉडी पेंटच्या भट्टीतून जाते तेव्हा तिथल्या उष्णतेत वितळून पत्र्याच्या वळणावळणात बसतात, थंड झाले की पत्र्याशी एकजीव. ते भट्टीत टिकण्यासाठीच बनवलेले असतात. शिवाय ते आडव्या फ्लोअरवर असतात, खाली ओघळायला जागाच नाही. बऱ्याच कारखान्यांत तर आता पॅडही नाहीत, रोबोट पातळ द्रव्य फवारतो आणि तेच भट्टीत सुकतं. याची तुलना टपाला उलटं चिकटवलेल्या टेपशी करणं म्हणजे कहरच.

आपल्याकडे रस्त्याला जे व्हीजी-३० डांबर वापरतात त्याचा मऊ पडण्याचा बिंदू किमान ४७ अंश एवढाच सांगितलेला असतो. टेपमधलं डांबर पॉलिमर वगैरे घालून सुधारलेलं असतं हे मान्य, ते रस्त्याच्या डांबरापेक्षा जास्त तग धरतं, पण ते बनवलंय पाणी अडवायला, चिकट राहायला, थरथर जिरवायला नाही. त्यावरचं फॉइलही बहुतेक वेळा फारच पातळ असतं. चांगल्या शीटवर १०० मायक्रॉनच्या आसपास असतं आणि ते शोभेसाठी नसतं, खालचा ब्युटाइलचा थर पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये पिळला जातो म्हणून तर थरथर जिरते, फॉइल लेचंपेचं असेल तर पिळणार कोण?

अकोला-जळगावकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या टपाला हात लावून बघा, लावूच शकणार नाही. माझ्या मावसभावाच्या गाडीला असंच एका ॲक्सेसरीवाल्याने 'इम्पोर्टेड शीट' म्हणून काहीतरी लावलं होतं, दुसऱ्या उन्हाळ्यात मागची काच अर्ध्यात अडकायला लागली. दरवाजा उघडला तर आतली टेप वरच्या कडेने सुटून जिभेसारखी खाली लोंबत होती, काळं चिकट डांबर काचेच्या खालच्या कडेला आणि काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरच्या वायरला लागलेलं, त्यावर धुळीचा थर, आणि वास तर असा की डांबरीकरण चालू असलेल्या रस्त्यावर उभे आहोत. ते सगळं केरोसीन आणि पुट्टी पट्टीने खरवडून काढावं लागलं. मूळ शीटला लागले असते त्यापेक्षा जास्त पैसे मजुरीत गेले.

ओळखायचं कसं? तुकडा घेऊन वास घ्या, डांबराचा वास लपत नाही. मग ओढा, ब्युटाइल च्युइंगमसारखं लांब तार धरतं, डांबरी माल लगेच तुटतो आणि बोट काळं करतो. शेवटी एखाद्या जुन्या पत्र्याला चिकटवून पत्रा उभा करून दुपारभर उन्हात ठेवा. घसरला तर परत द्या.

एसी डबल थंड होतो म्हणे. चकचकीत फॉइल उष्णता परावर्तित करतं हे बरोबर, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची मोकळी जागा लागते. टेप तर पत्र्याला आतून घट्ट चिकटलीये, तापलेला पत्रा तिला तसाच तापवतो. टपाला उष्णतेसाठी काही करायचं असेल तर डॅम्पिंगचे दोन-चार तुकडे आणि त्यावर बंद पेशींचा (क्लोज्ड-सेल, आतले बुडबुडे बंद असलेला) फोम. फोमने फरक पडतो, डबल वगैरे नाही. आणि फोम घेताना पॅकिंगचा पांढरा फोम घेऊ नका, तो भराभर पेटतो. गाडीच्या आतल्या मटेरियलसाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे जळण्याबाबतचं मानक आहे, त्यात बसणारं मागा.

बॉनेटला लावण्याबद्दल एवढंच की इंजिनचा आवाज तुमच्यापर्यंत मुख्यतः फायरवॉलमधून येतो, बॉनेटमधून नाही, आणि तिथल्या गरमीत टेप सुटून फिरत्या बेल्टवर पडली तर काय होईल ते सांगायला नको. कंपनीचं जाड फेल्टचं लायनर असेल तर तेवढं नीट ठेवा. त्यात उंदीर घर करतात ते वेगळं.

आणि ज्या गोष्टीचा मेसेजमध्ये एक शब्द नाही ती म्हणजे टायर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काय किंवा ७०१ किलोमीटरचा समृद्धी काय, सिमेंटचे रस्ते टायरला गायला लावतात, आणि घासून वेडेवाकडे झालेले टायर असतील तर भजनच. तीच गाडी गुळगुळीत डांबरी रस्त्यावर घेऊन त्याच स्पीडला चालवा, आवाज एकदम उतरला तर तुमचा प्रॉब्लेम टायर आणि व्हील आर्चचा (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीचा) आहे, पुढचे टायर बदलायचे होतील तेव्हा शांत पॅटर्नचे घ्या. वळणावर एका बाजूला वजन गेलं की घूंघूं वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. यातलं काहीही टेपने बरं होत नाही, उलट बेअरिंगचा आवाज दबला तर ते गेल्याचं उशिरा कळेल.

स्वतः करणार असाल तर जरूर करा, अवघड नाहीये. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबा, दरवाजा आणि मागचे व्हील आर्च आधी घ्या. दरवाज्याच्या तळाशी बारीक भोकं असतात ती झाकू नका, काचेवरून आत उतरणारं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं, ती बंद झाली की दरवाजा आतून सडतो. काही गाड्यांत दरवाज्याच्या पोकळीत हवेचा दाब ओळखणारा एअरबॅगचा सेन्सर असतो, त्याच्यावर किंवा त्याच्या तोंडावर काही चिकटवू नका. आणि फ्लोअरसाठी सीट काढणार असाल तर खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि ते सुटे असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटलेलाच राहील आणि तो घालवायला स्कॅनरवाल्याकडे चक्कर ठरलेली.