डिग्रीची अट घालण्याआधी वाचायला जागा द्या

इलेक्शन जवळ आलं की आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर एक वाद हमखास निघतो, उमेदवाराला शिक्षणाची अट पाहिजे का नको. दाजींचं म्हणणं ठाम असतं, साध्या नोकरीला दहावी-बारावी मागतात मग नगरसेवकाला का नको, आणि हरियाणानं पंचायतीला अशी अट घातली ती सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये मान्य केली हे ते दरवेळी लिहितात. मग मी लिहिते की राजस्थाननं तशीच अट आणली होती ती 2019 ला काढून टाकली. मग धाकटा भाऊ म्हणतो वसंतदादा कुठं कॉलेजात गेले होते, पण विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं 83 साली त्यांनीच काढू दिली की, त्यातूनच तर आपल्याकडची पोरं पुण्याला, अमेरिकेला गेली. यावर कोण काय बोलणार!

मी इथं ब्रिटनमधल्या साऊथ वेल्समध्ये सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, आणि ज्या माणसामुळं हे हॉस्पिटल सगळ्यांना फुकट आहे तो माणूस दाजींच्या अटीत बसला नसता म्हणून हे लिहावंसं वाटतंय. अन्युरिन बेव्हन. ट्रेडेगर गावचा खाणकामगाराचा मुलगा, तेरा-चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कोळशाच्या खाणीत गेला, बोलताना अडखळायचा. पण त्या गावात कामगारांनी स्वतःच्या पगारातून पैसे कापून घेऊन एक इन्स्टिट्यूट उभी केली होती, तिच्यात वाचनालय, आणि शिफ्ट करून आलेला हा पोरगा तिथली पुस्तकं वाचत बसायचा. एखादा शब्द तोंडातून निघत नाही म्हणून त्याच अर्थाचे दुसरे शब्द शोधायचा, असं करत करत पुढं पार्लमेंटमधला नावाजलेला वक्ता झाला. मधली दोन वर्षं लंडनच्या कामगार कॉलेजात काढली ती पण खाणकामगारांच्या युनियनच्या पैशावर. 1945 ला आरोग्यमंत्री झाला आणि 5 जुलै 1948 ला देशभराची मोफत आरोग्य सेवा सुरू केली, तिचा नमुना सुद्धा त्याच्या गावातलाच, कामगार पगारातून वर्गणी द्यायचे आणि डॉक्टर, औषध त्यातून मिळायचं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या सोलापूरच्या गिरण्या आठवल्या, जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. भोंग्यावर चालणारं गाव होतं ते. आणि हे गाव अडाणी नव्हतं हो, 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात ज्या चौघांना फाशी दिली त्यातले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे. वर्तमानपत्र चालतं म्हणजे ते वाचणारे, किंवा कुणीतरी मोठ्यानं वाचलेलं ऐकणारे, असणारच की.

दाजी मग बाबासाहेबांचं उदाहरण देतात, बघ किती डिग्र्या! बरोबर आहे, कोलंबिया झालं, लंडन झालं. पण त्या आधीचं बघा ना. परळला चाळीतली एक खोली, रात्री दोन वाजता वडील उठवायचे आणि हे अभ्यासाला बसले की मग स्वतः झोपायचे. घरात जागा नाही म्हणून पोरगं चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचं, तिथं केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं, पुस्तकं दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं आणि पुढं सयाजीराव महाराजांपर्यंत पोचवलं. त्याच सयाजीरावांनी 1910 पासून बडोदा संस्थानात फुकट वाचनालयं काढायला घेतली. हे स्वतः कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातले, बाराव्या वर्षी दत्तक गेल्यावर अक्षरं गिरवायला लागलेले. 1917 मध्ये बाबासाहेबांची लंडनहून पाठवलेली पुस्तकं बोटीबरोबर बुडाली, युद्धात टॉर्पेडो लागला. माणसानं परत पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली आणि शेवटी दादरला घर बांधलं तेच मुळात पुस्तकांसाठी. डिग्रीचा अभ्यास तर 1923 लाच संपला होता, वाचणं 1956 पर्यंत चालूच होतं.

म्हणून मला वाटतं उमेदवाराला विचारायचंच असेल तर सध्या काय वाचताय ते विचारा, आणि वॉर्डात शाळा सुटलेल्या पोराला वाचत बसायला जागा कुठाय ते विचारा. हिराचंद नेमचंदसारखं वाचनालय आहे आपल्याकडं, त्याचा मला अभिमान आहे. पण आता गल्लोगल्ली ज्या अभ्यासिका निघाल्यात, महिन्याला पैसे, एसी, वायफाय, तिथं पोरं स्वतःची एमपीएससीची गाइडं घेऊन बसतात, कपाटात दुसरं पुस्तकच नसतं. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही, त्यांना नोकरी पाहिजे. पण चुकून हाताला लागलेलं पुस्तक तिथं कधी भेटणार नाही. फुल्यांना माणसाच्या हक्कांवरचं थॉमस पेनचं पुस्तक असंच ऐन विशीत वाचायला मिळालं होतं.

इथं वेल्समध्ये सगळं छान आहे असं पण नाही. खाणी बंद पडल्या तशी कामगारांच्या अशा इन्स्टिट्यूटमधली पुस्तकं विकली गेली, फेकली गेली, थोडी वाचवून 1973 ला स्वान्सीला खाणकामगारांचं वाचनालय केलं तेवढंच. 2010 नंतर ब्रिटनमध्ये कौन्सिलची वाचनालयं शेकड्यांनी बंद झालीत. तरी जी आहेत तिथं वर्गणी नाही, कुणीही जाऊन बसावं, पुस्तक घरी न्यावं. आपल्याकडं सार्वजनिक ग्रंथालयांचा 1967 चा कायदा आहे, राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालयं आहेत, पण तिथल्या ग्रंथपालाचा पगार विचारला की माणूस गप्प बसतो.

परवा दाजींना म्हटलं, जयंतीला प्रत्येक मंडळ डॉल्बीवर किती घालवतं ते तुम्हाला माहितीय, त्यातला थोडा भाग काढून पेठेत एक खोली चालवा, रात्री अकरापर्यंत उघडी, फी नाही, यंत्रमागावरून सुटून आलेल्याला पण बसता येईल अशी. ते म्हणाले कल्पना चांगलीय पण जागा कोण देणार. महापालिकेच्या ज्या शाळांचा पट कमी झालाय त्यांच्या खोल्या संध्याकाळनंतर रिकाम्याच असतात की, तिथं मागा. अर्ज मी लिहून पाठवते.