दहावीनंतर जेवू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

खानापूर, निपाणी किंवा अथणी भागातून पदवीच्या शिक्षणासाठी बेळगावात येणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, सरकारी हिशेबानुसार माणसाला भूक लागते ती दहावीपर्यंतच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत मान्य केले. कर्नाटक सरकार मोठ्या मनाचे, म्हणून त्याने ‘अक्षर दासोह’मधून ते दहावीपर्यंत नेले आणि वर ‘क्षीरभाग्य’चे दूधही पाजले. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला की ताट उचलले जाते. त्यानंतरही ज्यांची भूक चालूच राहते, त्यांनी ती कागदोपत्री सिद्ध करावी, एवढीच शासनाची माफक अपेक्षा असते.

मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यासिरी’ नावाची योजना आहे. मराठा समाज कर्नाटकात थ्री-बी या मागास प्रवर्गात मोडतो, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ही वाट मोकळी आहे. पथ्य एकच पाळायचे: सरकारी वसतिगृहात नंबर लागू द्यायचा नाही, कारण ही मदत ज्यांना तिथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी आहे. यासाठी फारसे प्रयत्न करावे लागत नाहीत. मदतीची रक्कम दरमहा १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये, आणि त्यात भोजन व निवास दोन्ही भागवायचे आहेत. तेव्हा खोलीमालकाला आधी भाडे द्यावे की मेसवाल्या मावशींना आधी डब्याचे पैसे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक म्हणून सोडवावा. मदत वर्षातून १० महिनेच मिळते. उरलेल्या दोन महिन्यांत विद्यार्थी गावी असतो आणि गावी कोणाला भूक लागत नाही, असे योजना आखताना गृहीत धरले असावे.

आता कागदपत्रांविषयी. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढावा व त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा चांगला पाठ करावा. मार्कलिस्टवर तुम्ही ‘महादेव’ असाल आणि आधार कार्डावर ‘महादेवा’, तर शासनाच्या दृष्टीने तुम्ही दोन माणसे आहात आणि त्यांपैकी एकालाही जेवणाची गरज नाही. बँकेचे खाते आधारशी जोडलेले असले तरी पुरत नाही, ते थेट लाभासाठीही, म्हणजे सरकारी मदत परस्पर खात्यात यावी म्हणून, जोडावे लागते. हा फरक खिडकीतला कारकून तुम्हाला तिसऱ्या खेपेस सांगतो, पहिल्या खेपेस नव्हे, कारण ज्ञान पायरीपायरीने द्यावे असे शिक्षणशास्त्रच म्हणते. तोवर ‘सर्व्हर डाऊन’ असे बॉलपेनने लिहून काचेला चिकटवलेल्या कागदाचे वाचन करावे. त्या कागदाचे कोपरे पिवळे पडलेले असतात, यावरून सर्व्हरच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो. पैसे कधी जमा होतील, असे मात्र विचारू नये. पावसाळ्यातली भूक मार्चअखेरीस भागली तरी हिशेब त्याच आर्थिक वर्षात बसतो, आणि हिशेब बसणे महत्त्वाचे.

तोपर्यंत अन्नभाग्य, म्हणजे कर्नाटकाची रेशनवरच्या मोफत तांदळाची योजना, आहेच. जुलै २०२३ मध्ये वाढीव पाच किलो तांदूळ मिळेना, तेव्हा सरकारने किलोला ३४ रुपये या दराने माणशी १७० रुपये कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा करायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ दिला. म्हणजे मधल्या काळात तुमच्या वाट्याची भूक आईच्या पासबुकात नोंदलेली होती. आता ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे तुम्ही आपल्या वाट्याचे धान्य बेळगावातल्या रेशन दुकानातूनही उचलू शकता; ज्या खोलीत शेगडी पेटवायला मालकाची मनाई आहे, तिथे ते कच्चे कसे खावे हे जाणत्यांना विचारून घ्यावे. ज्यांना शिजवलेलेच लागते त्यांच्यासाठी इंदिरा कॅन्टीन आहे, पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण. यात उपरोध करण्यासारखे काहीच नाही, ही मला मोठीच अडचण वाटते. सुदैवाने दुपारचे लेक्चर आणि तिथली रांग एकाच वेळी असते.

काही अस्वस्थ तरुण विचारतील, महाराष्ट्राचे काय? महाराष्ट्र कर्नाटकाच्या सीमाभागातल्या ८६५ गावांवर हक्क सांगतो आणि त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लढतो आहे. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली. निपाणीच्या विद्यार्थ्याने ती खाण्यासाठी कागलला जावे, एसटीचे भाडे थाळीपेक्षा जास्त पडले तरी अस्मितेला पैशात मोजू नये. मुलींनी कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेतला बसचा मोफत प्रवास गृहीत धरू नये, तो राज्याच्या हद्दीपुरताच आहे. तुमच्यावर दोन सरकारे हक्क सांगतात, हे भाग्य देशात फार थोड्यांना लाभते. तुमचा डबा कोणी भरायचा, यावर मात्र एकाही सरकारने अद्याप दावा दाखल केलेला नाही.

एवढे करून पदवी हाती आलीच, तर कर्नाटकाच्या ‘युवा निधी’ या बेकारभत्त्याचा अर्ज भरावा. पदवीधर बेकाराला दरमहा ३,००० रुपये दोन वर्षांपर्यंत मिळतात. अट अशी की, उत्तीर्ण झाल्यानंतर १८० दिवस बेकार राहिलेले असावे. त्या १८० दिवसांत काय खाल्ले, हे अर्जात विचारलेले नाही, त्यामुळे तो रकाना भरण्याची चिंता करू नये.