पाचशे किलोमीटरच्या रेंजचं काय लोणचं घालू?

"एका चार्जमध्ये किती जाते हो?"

हा प्रश्न मला आता कोणी विचारला ना, तर मी माझ्या इलेक्ट्रिक गाडीची चावी त्याच्या हातात ठेवणार आणि सांगणार, जा, तूच बघून ये. लिफ्टमध्ये तोच प्रश्न, पार्किंगमध्ये तोच, सिग्नलला काच खाली करायला लावून तोच. "चार्ज व्हायला किती वेळ लागतो" हे विचारणारा लाखात एक. आणि "चार्जर चालू असतो का" हे विचारणारा अजून जन्माला यायचाय.

बरं, त्यांना तरी काय बोलणार! मीही त्याच आकड्याला भुललो होतो. दोन गाड्यांमध्ये घोळ चालला होता. एकीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, कागदावर पाचशे किलोमीटर. दुसरीची चारशे, पण ती १० वरून ८० टक्क्यांवर १८ मिनिटांत जाणारी. माझ्या गाडीला त्याच कामाला ४८ मिनिटं लागतात. तरी मी मोठा शहाणा, पाचशेवाली घेऊन बसलो.

आत्ताचंच सांगतो. रात्रीचे साडेनऊ, हायवेवरचं चार्जिंग स्टेशन, बॅटरी ११ टक्के. दोन गन, म्हणजे गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग. एकीवर पेनाने लिहिलेला कागद चिकटवलेला: "बंद आहे." अ‍ॅपमध्ये मात्र तीच गन हिरवीगार, उपलब्ध! दुसरी एका गाडीला लावलेली, स्क्रीनवर ८६ टक्के. म्हटलं, चला, निघतीलच आता. आत काका सीट पार मागे करून, डोळ्यांवर हात घेऊन आडवे. काचेवर टकटक केली. "काका, अजून किती वेळ?" तर म्हणाले, "फुल करूनच निघणार. रेंजचा काय भरवसा!"

८६ ते १००! जवळजवळ अर्धा तास मी त्या स्क्रीनकडे बघत उभा. ९७ चे ९८ होताना तर वाटलं, गाडी ढकलत नेली असती तरी एव्हाना पोचलो असतो.

यात काकांचा आळस कमी आणि अज्ञान जास्त आहे. बॅटरी म्हणजे टाकी नव्हे, की शेवटच्या थेंबापर्यंत एकाच धारेने भरेल. रिकाम्या डब्यात पहिली माणसं पटापट चढून बसतात, शेवटच्यांना पाय ठेवायला जागा शोधावी लागते, तसंच बॅटरीतल्या लिथियमचं. चार्ज होताना ते ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरत असतं. तिथे शिरायला जागा उरली नाही आणि तरी जोराने रेटलं, तर लिथियमचा धातू होऊन तो वरच साचतो आणि बॅटरीचं आयुष्य खातो. म्हणून गाडी स्वतःच करंट कमी करत जाते. ८० नंतर तर फास्ट चार्जर नुसता नावाला फास्ट. हे कंपनीला माहीत असतं, चार्जरवाल्याला माहीत असतं. शोरूममध्ये पाऊण तास सनरूफ कौतुकाने उघडून दाखवणाऱ्या पोराने हे एका वाक्यात सांगितलं असतं, तर त्याचं काय गेलं असतं?

माझा नंबर आला. ती गन उचलायची म्हणजे व्यायामच. खटकन बसली. स्क्रीनवर "गाडीशी संपर्क साधत आहे", गोल फिरतंय, फिरतंय, आणि "चार्जिंग सुरू होऊ शकले नाही". दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा गन दोन्ही हातांनी वर उचलून, छातीने दाबून धरली आणि श्वास रोखून उभा राहिलो, तेव्हा कुठे महाराणी प्रसन्न झाल्या. चार्जरवर वीज भरण्याचा वेग ठळक अक्षरांत: १२० किलोवॅट. स्क्रीनवर? ४१. उरलेले कोणी खाल्ले? चार्जर तापला होता की माझी बॅटरी गार होती, हे सांगायला तिथे चिटपाखरूही नव्हतं. हेल्पलाइनवर सांगतात, "सर, गन काढून परत लावा." अहो, ती लागावी म्हणून मी आत्ताच जीव टाकलाय!

पाचशेचा आकडा येतो कुठून, तेही ऐका. युरोपात २०१७ पासून रेंज मोजायची डब्ल्यूएलटीपी नावाची चाचणी आहे. प्रयोगशाळेत, रोलरवर, अर्ध्या तासात सव्वातेवीस किलोमीटर. म्हणजे सरासरी वेग ताशी ४६.५. त्याआधीच्या एनईडीसी चाचणीत तर तो ३४ च्याही खाली होता. आता मला सांगा, हायवेवर सरासरी सेहेचाळीसने कोण जातं? वेग ९० वरून १२० केला की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. माझी पाचशेवाली हायवेला जेमतेम ३७० देते. थंडीत त्याहून कमी.

पुढे खरी गंमत. ती ३७० सुद्धा हातात येत नाही. प्रवासात आपण १० च्या खाली जायला घाबरतो आणि ८० च्या वर थांबणं परवडत नाही. उरले मधले ७० टक्के, म्हणजे दोन थांब्यांमध्ये साधारण २६० किलोमीटर. त्या चारशेवाल्या गाडीचा असाच हिशोब करा, हायवेला ३०० धरा, २१० येतात. कागदावरचा शंभराचा फरक रस्त्यावर पन्नासावर आला! ८०० किलोमीटर जायचं, घरून फुल करून निघायचं. मी दोनदा थांबणार, ९६ मिनिटं. ती तीनदा थांबणार, ५४ मिनिटं. हे गणित मला गाडी घेतल्यावर सुचलं. अक्कल नेहमी उशिरा येते.

पोर्शने २०१९ मध्ये टायकान ही इलेक्ट्रिक गाडी आणली, तेव्हा अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने तिच्या टर्बो मॉडेलला २०१ मैल रेंज दिली, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आत. लोक हसले. मीही हसलो होतो. पण ती ८०० व्होल्टची गाडी, २७० किलोवॅटपर्यंत ओढणारी, ५ वरून ८० ला साडेबावीस मिनिटांत. त्यामागचं डोकं साधं आहे. केबल तापते ती करंटने, मग व्होल्टेज दुप्पट करा आणि तेवढ्याच करंटमध्ये दुप्पट ताकद घ्या. आणि आमच्याकडे उपाय काय, तर बॅटरी अजून मोठी करा! शंभर किलोवॅट-तास वीज साठवणारा बॅटरी पॅक सहाशे किलोच्या घरात जातो. म्हणजे वर्षातून चार वेळा लांब जायचं म्हणून रोज कोपऱ्यापर्यंत जातानाही ते धूड सोबत वागवायचं. रोजचं चार्जिंग तर घरीच होतं, रात्री, झोपेत. तिथे रेंज तीनशे असली काय आणि सहाशे असली काय!

कंपनीवाल्यांनो, जाहिरातीत तो एक मोठा आकडा छापता ना, त्याच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत छापा: वीस मिनिटांत किती किलोमीटर भरतात. आणि "कमाल २५० किलोवॅट" असलं काही नको. ते कमाल दोन-तीन मिनिटं टिकतं, मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढेपर्यंत. सरासरी सांगा. चार्जरवाल्यांनो, पाटीवर आकडा फुगवण्यापेक्षा बंद गन अ‍ॅपमध्ये बंद दाखवा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय.

हे सगळं मी तिथेच, गाडीत बसून टाइप केलंय. ७९ टक्के झालेत. मागे एक गाडी लाइट मारत उभी आहे.

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या वेळी ८० ला गन काढा हो. झोप घरी जाऊन पूर्ण करा.