शिरोरेषेचे तुकडे

वेबसाइट स्वतः बनवा, अगदी सोपं आहे म्हणे. कोणासाठी सोपं? फोंड्यात आमचा आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळीचा घरगुती धंदा. गिऱ्हाईक मराठी वाचणारं, म्हणून मजकूर मराठीतच हवा. पण हाती घ्यावं ते टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, इंग्रजी अक्षरांच्याच मापाचं! मथळ्यातल्या अक्षरांमध्ये शोभेसाठी मोकळी जागा सोडलेली. इंग्रजीत ती खुलून दिसते, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘आमसुलं’ म्हणजे चार सुटी अक्षरं लोंबकळतात! ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, कुठे अनुस्वारच छाटला जातो. मुक्ता, हिंद, नोटो असे उत्तम देवनागरी फॉन्ट फुकट उपलब्ध आहेत, तरी टेम्प्लेटमध्ये आधीपासून ते सहसा नसतात. मग कुठल्या तरी कोपऱ्यातलं सेटिंग शोधा, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा, ओळीची उंची वाढवा. कॉम्प्युटरवर जमलं की मोबाइलवर पुन्हा विस्कटलेलं. अहो, गिऱ्हाईक मोबाइलवरच बघणार ना!

डॉट भारत हे देवनागरी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा देवनागरीतला पत्ता, २०१४ पासून मिळतंय, पण त्यावरचा ईमेल पत्ता कित्येक फॉर्म अजूनही चुकीचा ठरवतात. डोमेनच्या पहिल्या वर्षाची सवलत मोठ्या अक्षरात, नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरात, ही चीड तर वेगळीच.

टेम्प्लेट विकायला काढण्याआधी मराठीच्या चार ओळी त्यात टाइप करून बघायला काय जातं हो तुमचं?