फॉगला दुःख कशाला हवं?

ज्यूल व्हर्नच्या ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ या कादंबरीचा नायक फिलियस फॉग. त्याला पडद्यावर आणणाऱ्यांना एकच धास्ती असते, हा माणूस कोरडा वाटला तर? मग त्याला काहीतरी चिकटवतात.

२००४ च्या सिनेमात तो धांदरट संशोधक झाला. जाऊ दे, जॅकी चॅन असल्यावर फॉगकडे बघतंय कोण! २०२१ ची बीबीसीची मालिका मात्र मनापासून केलेली, म्हणून जास्त खटकली. डेव्हिड टेनंटचा फॉग घाबरट, आतून खचलेला. त्याला ‘भित्रा’ एवढंच लिहिलेलं पोस्टकार्ड येतं, मागे एक अर्धवट सोडलेलं प्रेम असतं. टेनंटचं काम उत्तमच आहे. पण हल्ली बॉंडलासुद्धा दुखरं बालपण लागतं, तिथं फॉग कसा सुटणार?

१८७३ च्या कादंबरीतला फॉग पत्ते खेळता खेळता ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारण्याची २०,००० पौंडांची पैज लावतो आणि त्याच संध्याकाळी निघतो. का? काही नाही, असंच. मुंबईला दोन दिवस आधी पोचूनही गाव बघत नाही. पासपोर्टवर शिक्का, स्टेशनात जेवण, रात्री आठची गाडी. ताटात ससा म्हणून आलेल्या मटणाचा संशय येतो, तर मालकाला शांतपणे विचारतो, मारताना हा म्याँव करत नव्हता ना? तिकडे त्याचा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरल्यामुळे मार खातोय.

आणि हाच माणूस पुढे बुंदेलखंडात जबरदस्तीनं सती दिली जाणारी औदा पाहून म्हणतो, माझ्याकडे बारा तास शिल्लक आहेत, हिला वाचवू. सोबतचा लष्करी अधिकारी चकित. तुम्हाला हृदय आहे की! ‘कधी कधी,’ फॉग म्हणतो, ‘वेळ असतो तेव्हा.’

या एका उत्तरापुढे ते पोस्टकार्ड अगदीच फिकं पडतं. १९५६ च्या सिनेमात डेव्हिड निव्हनला हा थंडपणा बरोबर सापडला होता. (बलून मात्र त्याच सिनेमानं घुसडलं. पुस्तकात फॉग बलूनमध्ये बसतच नाही.)

नवं काही करायचंच तर औदाकडे बघा ना! मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची इंग्रजी शिकलेली मुलगी. १९५६ मध्ये ती झाली अमेरिकन नटी शर्ली मॅक्लेन, २००४ मध्ये तर तिला काढून फ्रेंच चित्रकार आणली. दीडशे वर्षं झाली, तेव्हा स्पॉयलर म्हणू नका, पण शेवटी पैज हरलो असं समजून बसलेल्या फॉगला लग्नाचं औदाच विचारते. लग्न ठरवायला नोकर पाद्र्याकडे धावतो आणि तिथं कळतं की आज रविवार नाही, शनिवार आहे, मुदत अजून संपलेली नाही. म्हणजे पैज जिंकली ती तिच्यामुळे!