मागच्या दाराचा कप

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या मोन्युमेंट स्ट्रीटवर एक जुनं संग्रहालय आहे, तेव्हा त्याचं नाव मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी होतं. 1992 मध्ये तिथे फ्रेड विल्सन या कलाकारानं एक प्रदर्शन मांडलं होतं. मला नाशिकहून शिकायला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. विल्सननं बहुतेक सगळ्या वस्तू संग्रहालयाच्याच कोठारातून काढल्या होत्या, बदलली होती ती त्यांची जागा. एका कपाटात चांदीची नक्षीदार भांडी आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायांत घालायच्या लोखंडी बेड्या. पाटीवर एवढंच लिहिलेलं : धातुकाम, 1793 ते 1880. पलीकडच्या दालनात उंची लाकडी खुर्च्या अर्धगोल मांडलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं चाबकाचे फटके मारताना माणसाला बांधायच्या खांबाकडे.

तांबट आळीतल्या ठोक्यांच्या आवाजानं जाग येणाऱ्या घरातली मी मुलगी. भांड्याची घडण मला कळते. त्या कपाटासमोर मी बराच वेळ उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर पडले. पण त्या दिवशी मला आमच्या घरातलं काहीही आठवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला गेले होते. भावाची मुलगी चित्रकला शिकून आता प्रदर्शनांची मांडणी करते, म्हणजे आजच्या भाषेत क्युरेटर आहे. जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडायला निघालाय. त्याआधी तिथे एक प्रदर्शन भरवावं, असं तिच्या मनात आहे. माळ्यावरचे हंडे, घंगाळी, देवघरातली चांदी, आजीच्या पैठण्या मांडायच्या आणि त्यांच्या शेजारी मागच्या दाराच्या कोनाड्यातला तो कान तुटलेला कप. शौचकूप साफ करायला येणाऱ्या बाईंना त्यात वरून चहा ओतला जायचा. मी स्वतः ओतलाय, सात-आठ वर्षांची असताना.

घरात आणि घराबाहेर जे बोललं गेलं ते थोडक्यात असं. दादा म्हणाला, "जुनी मढी कशाला उकरायची? आता कोण पाळतं हे?" ज्या सभागृहात विचारणा केली होती तिथल्या कारभाऱ्यांनी, चित्रं लावा, वाद नको, असं सांगून तारखा दिल्या नाहीत. आणि एका जाणत्या चित्रकारांनी, ज्यांचा मला मनापासून आदर आहे, हे परदेशी खूळ आहे असं म्हटलं.

त्यांचं म्हणणं मला समजतं. नाशिकची दृष्टी शिवाजी तुपे यांच्यासारख्यांच्या निसर्गचित्रांनी घडवली. गोदाघाटावरचं ऊन कागदावर कसं उतरतं ते पाहत आम्ही मोठे झालो, आणि त्यातलं काहीही कमी करावं असं मला वाटत नाही. पण परदेशी खूळ? कलाकार प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांवर मडकी रचून जातिव्यवस्थेवर शिल्पं केली. त्यांना नाव दिलं 'उतरंड', आणि 2022 मध्ये ती बर्लिन बिनाले या कलाप्रदर्शनात मांडली गेली. हा शब्द बर्लिनचा नाही, आपल्या स्वयंपाकघरातला आहे. वरचं मडकं काढल्याशिवाय खालच्याला हात लावता येत नाही, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि नाशिकपुरतं बोलायचं तर शेजारी-शेजारी ठेवण्यासारखं इथे किती आहे! काळाराम मंदिराचा काळा पाषाण आम्ही पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो. त्याच दारांसमोर 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष उभे राहिले आणि दारं बंद झाली. 9 एप्रिलला, रथाच्या दिवशी, दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असं ठरलं होतं. ऐन वेळी रथ पळवला गेला, सत्याग्रहींवर दगड पडले. लढा पाच वर्षं चालला, आणि 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्याच येवल्याची पैठणी आमच्या आजीच्या पेटीत आहे. आमच्या घरी रथाच्या दिवसाच्या गोष्टी निघायच्या, पैठणीच्याही निघायच्या. दगडांची गोष्ट मी घरात कधी ऐकली नाही, ती फार पुढे वाचली.

अमेरिकेत हे सगळं सुटलंय असं कोणी समजू नये. ड्रेड स्कॉट खटल्यात, काळा माणूस या देशाचा नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल 1857 मध्ये देणाऱ्या न्यायाधीश टॅनी यांचा पुतळा त्या संग्रहालयापासून चालत काही मिनिटांवर होता. तो हलला 2017 च्या ऑगस्टमध्ये, विल्सनच्या प्रदर्शनानंतर पंचवीस वर्षांनी. आणि 27 मार्च 2025 रोजी राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेची संग्रहालयं फूट पाडणारा इतिहास दाखवतात, ते थांबवा. त्यात वंश आणि अमेरिकन शिल्पकला यांवरच्या एका प्रदर्शनाचा नाव घेऊन उल्लेख होता. तो आदेश वाचताना मला दादाचा आवाज ऐकू आला. जुनी मढी.

म्हणून इथलं चांगलं आणि तिथलं वाईट असा हिशेब मी मांडत नाही. फरक मला एकाच ठिकाणी दिसतो. 1992 मध्ये त्या संग्रहालयानं विल्सनला स्वतःची कोठारं उघडून दिली होती. ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्यांनीच त्या दिल्या. आमच्या वाड्याच्या किल्ल्या दादाकडे आहेत. थोड्या माझ्याकडेही आहेत, कारण कागदावर माझं नाव आहे. मी सही दिली आहे.

तरी एक गोष्ट मला टोचत राहते, आणि त्यावर भाचीशी फोनवर खूप बोलणं झालं. विल्सन हा ज्यांच्या पायांत बेड्या होत्या त्यांच्या बाजूनं आलेला माणूस होता. इथे कप आमचा, वाडा आमचा, मांडणारीही आमचीच. लोक येतील, हळहळतील, आमच्या मोठेपणाचं कौतुक करून जातील, आणि ज्या बाईंनी त्या कपातून चहा प्यायला त्या पुन्हा मागच्या दाराशीच राहतील. भाचीनं विचारलं, "आत्या, पाटीवर त्यांचं नाव काय लिहू?" मला सांगता आलं नाही. रोज सकाळी येणाऱ्या त्या बाईंना आमच्या घरात कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. बाल्टिमोरच्या त्या कपाटातल्या पाटीवरही, त्या बेड्या ज्यांच्या पायांत होत्या त्यांचं नाव नव्हतं.

दादालाही त्यांचं नाव आठवेना, पण त्यांचा मुलगा पालिकेत होता एवढं त्याला आठवलं. हे त्यानं आपणहून फोन करून सांगितलं. भाची आता त्या कुटुंबाचा शोध घेते आहे. कप कोनाड्यातच आहे, धुतलेला नाही. त्याचं काय करायचं हे त्यांना विचारायचं, आणि त्यांनी नको म्हटलं तर तो मांडायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.